एकच लाइन

धुळ्याच्या दवाखान्यात निंबाच्या बायकोचं सकाळी अकराला ऑपरेशन होतं. "व्हयनं का लगेच मिलमा फोन करस," मेहुण्यानं शब्द दिला होता. पण निंबा कामाला होता त्या जळगावच्या डाळमिलमध्ये फोनची लाइन एकच, आणि तीच अडवून शेठ कॉम्प्युटरवरून अमेरिकेतल्या लेकीशी बोलत बसलेले. मोडेमची किरकिर सांभाळत इंटरनेट जोडणं एकट्या निंबालाच जमायचं, म्हणून तर त्याला सुट्टी नव्हती. साडेबारा वाजले. निंबाचा जीव टांगणीला लागला. शेवटी शेठ पाठमोरे असताना त्यानं टेबलावरचा रिसीव्हर हळूच उचलून खाली ठेवला. तेवढ्यानं इंटरनेट तुटलं. "गेलं का परत!" शेठ हेडफोन काढून करवादले. तोच फोन खणखणला. निंबा झेपावला, पण शेठनी आधी उचलला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला. "बेटा, अमेरिकेहून तूच लावलास? मग बोल निवांत," पाय पसरत ते म्हणाले, "घाई कसली?"