लाल नोझल

पाण्याच्या प्रेशर मशीनला हिरवं नोझल, पसरट फवारा. शेवाळलेली अर्धी भिंत वृषालीने धुऊन पांढरी केली, तेव्हा काकू चहा घेऊन अंगणात आल्या.

"स्टंप कुठे गेले?"

कोळशाच्या त्या तीन रेघा वृषालीला डाग वाटल्या होत्या. घरोघरच्या भिंती धुणं हाच तिचा धंदा. "नातवाचे होते?"

"आमच्या ह्यांचे. जायच्या आदल्या दिवसापर्यंत मी बॉल टाकायचे. आउट झाले तरी बॅट सोडायचे नाहीत." काकूंनी कप कट्ट्यावर ठेवला. "असू दे. धुवायला मीच सांगितलं."

लाल नोझल, सुईसारखी धार. रंग उडतो म्हणून भिंतीवर ते ती कधी वापरत नसे. आज मशीन बंद करून तिने ते चढवलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि उरलेल्या हिरव्या शेवाळात तीन पांढऱ्या रेघा ओढल्या.

"मधला वाकडा आलाय," काकू म्हणाल्या.

"आता पुसता येणार नाही, काकू."

"नकोच पुसू. उरलेली भिंतही राहू दे."

नोझल काढलेलं. वृषाली पाइप गुंडाळत असताना मागे टप्प असा आवाज झाला. एक कच्चं लिंबू मधल्या स्टंपला लागून घरंगळत आलं.

"आउट," काकू भिंतीला म्हणाल्या.