गुरुवारपर्यंत

जगभर वापरल्या जाणाऱ्या एका संगणकप्रणालीच्या सुरक्षेत सापडलेल्या भगदाडाची दुरुस्ती तयार होती. चोरांना सुगावा लागू नये म्हणून ती प्रणाली घडवणाऱ्या स्वयंसेवकांनी ती गुरुवारी एकदमच जाहीर करायचं ठरवलं होतं. तोवर गुपित सांभाळायचं काम त्यांच्यातल्या वैजयंतीकडे होतं.

सोमवारी धाकट्या भावाचा, हेरंबचा फोन आला. तो एका इस्पितळाचे संगणक सांभाळायचा. "ताई, तुमच्या प्रणालीवर चालणारा आमचा सर्व्हर आज इंटरनेटला जोडतोय. जोडू ना?"

थांब म्हटलं असतं, तर त्याने कारण विचारलं असतं.

"जोड की," ती म्हणाली.

बुधवारी चोरांनी त्याच भगदाडातून इस्पितळाचे संगणक बंद पाडले. अतिदक्षता विभागातल्या एका बाईला दुसऱ्या इस्पितळात हलवताना ती दगावली.

गुरुवारी दुरुस्ती जाहीर झाली. लगेच हेरंबचा फोन आला.

"ताई, सोमवारी तुला माहीत होतं?"

"हो."

त्याने फोन ठेवला नाही. तो रडत राहिला आणि ती ऐकत राहिली.