झाकणावरची खूण

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी 'एक' खुणेच्या बशीतल्या पेशी हिरव्या उजळल्या. 'दोन' काळीच राहिली.

सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या मुलीची चार वर्षं याच उजेडात गेली होती. उजेड देणाऱ्या एका प्रथिनाचे तिने दोन तुकडे केले होते. एक तुकडा एका प्रथिनाला जोडला, दुसरा दुसऱ्याला. ती दोन प्रथिनं जिवंत पेशीत एकमेकांना भेटली, तरच तुकडे जुळणार आणि पेशी उजळणार. 'दोन'मध्ये एक प्रथिन मुद्दाम बिघडवलेलं होतं. तिथे उजेड नकोच होता.

"काकू, दिसलं! चक्क हिरवंगार!"

"हवं ते दिसलं, की आहे ते दिसलं?" तिच्या मार्गदर्शक सरांनी दारातूनच विचारलं.

"सर, आज तरी टोमणा नको."

सरांनी स्वतः डोळा लावला आणि हसले. "पाचच्या आत शोधनिबंध पाठव. याच शोधावर दुसरा गट टपून बसलाय."

काकू प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. पेशी त्यांच्याच हाताखाली वाढत. आज सकाळी त्यांनी आपला खण रिकामा केला होता, किल्ल्या कार्यालयात दिल्या होत्या. बश्या तेवढ्या आवरायच्या राहिल्या होत्या. त्यांनी एक उचलून उलटी केली. मग दुसरी. दोन्ही तळ कोरे.

खूण तळावर करायची, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. हे त्यांनीच मुलीला पहिल्या दिवशी दटावून शिकवलं होतं. परवा तळ ओला होता, शाई धरेना, म्हणून त्यांनी झाकणावर लिहिलं. काल पोषणद्रव बदलताना दोन्ही झाकणं एकदम काढली.

बश्यांकडे दुसऱ्या कोणाचंच लक्ष नव्हतं.

"पोरी, पाठवू नकोस," काकू म्हणाल्या. "खुणा झाकणांवर आहेत. चूक माझी. अदलाबदल झाली की नाही, छातीठोक सांगता येणार नाही."



"पुन्हा करायला दोन दिवस," सर म्हणाले. "दुसरा गट थांबणार नाही."

"नाही थांबणार," मुलगी म्हणाली. तिने पडद्यावरचा शोधनिबंध बंद केला. "काकू, पेन द्या. तळ आधी पुसून घेते."

नव्या बश्या दुपारी उबवणीच्या कपाटात गेल्या. खुणा तळावर, मुलीच्या अक्षरात.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत कपाट कोणी उघडलेलं नाही. समोरच्या स्टुलावर काकू बसल्या आहेत. गळ्यात फाटकावर मिळणारा 'पाहुणा' असा बिल्ला आहे. त्यांची नोकरी परवा संध्याकाळी पाच वाजता संपली.