मांडीवरचं पोर

गडचिरोलीच्या जंगलात नक्षल्यांनी कोवळ्या वयातच लालसूच्या हाती बंदूक दिली होती. तिथून पळालेला लालसू आता सिल्वासात, धाग्याच्या कंपनीत लागला होता. रविवारी शेजारच्या बायडाबाईने धुणं वाळत घालायचं म्हणून तान्हा नातू त्याच्या मांडीवर ठेवला. पोर रडून लाल झालं, तरी हा नुसता बघत बसलेला.

"अरे, उगी कर ना त्याले!"

"रडू द्या, मावशी. जंगलात एकदा पोलीस अगदी जवळून चालले होते. एका बाईचं तान्हं रडायला लागलं. कमांडर म्हणाला, गप कर त्याला. मी तोंड दाबून धरलं. ते पुन्हा रडलंच नाही."

नातवाला उचलायला पुढे झालेली बायडाबाई थबकली. मग तिने हात मागे घेतले.

"रडू दे मंग," ती म्हणाली. "पण खाली नको ठेवू."