उजवी बाजू

"मिस्त्री, डावीकडून अर्धं बोट वर," संचालिका म्हणाली. आणि लगेच, "नको, होतं तसंच राहू दे."

सुताराने तिसऱ्यांदा लेव्हल काढून फ्रेमवर धरली. बुडबुडा मधोमध होता.

तीन वाजून गेले होते. पाचला उद्घाटन. चहाचा कप खिडकीत तसाच साय धरून बसला होता. संचालिकेचं हे शेवटचं प्रदर्शन. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. एकोणतीस वर्षं तिने कुणाकडेही न शिकलेल्या माणसांनी काढलेली चित्रं या भिंतींवर लावली. गवंड्याची, दवाखान्यातल्या आयाची, लिफ्ट चालवणाऱ्याची. "ही काय कला झाली?" म्हणून नाक मुरडणारेच आता तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. तिचे नियम दोनच. शिकवायचं नाही, आणि 'असं का काढलं' हे विचारायचं नाही. विचारलं की हात बिचकतो, असं ती नव्या लोकांना सांगायची.

आजची सतरा चित्रं काजवालीची. ही घरी बसून शर्टांना काजं-बटणं करून द्यायची, आणि शिंप्याकडून आलेल्या खाकी कागदावर बॉलपेनने काढायची. डावीकडे जिने, नळ, कपड्यांच्या दोऱ्या, माणसं, नुसती खच्चून गर्दी. उजवा अर्धा कागद कोरा. सतराच्या सतरा चित्रांत. त्या कोऱ्या जागेवर संचालिकेने बावीस पानांचा लेख लिहिला होता, तो पुस्तिकेत छापूनही आला होता. भाषणाचा कागद आत्ता तिच्या मुठीत चुरगळत होता. पहिलंच वाक्य होतं, 'उजवीकडे तिने आपलं एकटेपण ठेवलं आहे.'

तेवढ्यात काजवाली आली. काखेत कागदाची गुंडाळी.

"मॅडम, अठरावं आणलंय. सतराव्यानंतर चार वर्षांनी मुहूर्त लागला बघा."

तिने फरशीवरच कागद पसरला आणि कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. कागद काठोकाठ भरलेला होता. उजवीकडेही. उजव्या टोकाला तर गच्ची, गच्चीवर टाकी, टाकीवर कावळा आणि कावळ्याच्या चोचीत बटण.

संचालिकेने चष्मा काढला. पुन्हा घातला. "हे तूच काढलंस?"

"मग काय शेजारणीने?"

"अगं, पण उजवीकडे..." ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. "पुस्तिका छापून झाली गं."

"असू दे की. एक फुकट बघतील."

संचालिका चित्रापाशी वाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "इथून मागे दुमडून शेजारी कोरा खाकी कागद लावला तर? फ्रेममध्ये कुणाला कळणारही नाही." बोलली आणि तिचे कान तापले. एकोणतीस वर्षांत तिने कुणाची एक रेघसुद्धा हलवली नव्हती.

"दुमडलं तर काच बसायची नाही," सुतार म्हणाला. "कापावं लागेल." त्याने खिशातून पातं काढलं.

काजवाली आधी हसली. मग आपण एकट्याच हसतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने पाय पुढे टाकला आणि चित्राच्या कडेवर, कावळ्यापाशी, उभी राहिली.

"का हो कापायचं?"

"लोक ती रिकामी जागा बघायला येणार आहेत. तीच तर तुझी ओळख. इतकी वर्षं कोरी ठेवलीस, मग आताच का भरलीस?"

प्रश्न तोंडातून निसटला होता. संचालिकेने ओठ मिटले, पण उशीर झाला होता.

"तिथे ती झोपायची ना," काजवाली म्हणाली.

"कोण?"

"माझी पोरगी. एवढीशी खोली. कागद पसरला की लोळत यायची आणि अर्ध्यावर झोपून जायची. झोपलेल्या पोराला हलवतं का कुणी? मग उरलेल्या अर्ध्यात मी भागवायची. आता सात वर्षांची झाली, शाळेत जाते. कागद मोकळा झाला." मग जरा थांबून, "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

संचालिका पहिल्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. कोऱ्या भागात एक फिकट डाग होता. नोंदवहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'तेलकट डाग, कागद जुना.' तो काढून घ्यायचा तिने दोनदा प्रयत्न केला होता. ती दुसऱ्या चित्राकडे गेली, तिसऱ्याकडे, मग भराभर पुढे. पहिल्या चित्रात डाग लिंबाएवढा होता. सतराव्यात बशीएवढा.

तिने भाषणाचा कागद पर्समध्ये कोंबला.

"मिस्त्री, पातं ठेवा आत. हे अख्खं लावा. इथे, पहिल्याच्या शेजारी."

सुतार खिळे शोधायला लागला. संचालिकेने डागाजवळ बोट नेलं, काचेला न लावता.

"डोकं इकडे असायचं तिचं?"

"हो. आणि पाय दाराकडे. उलटं ठेवलं तर घर डोक्यावर घ्यायची."

सुताराने भिंतीवर खिळा धरला आणि हातोडी उचलली.

"हळू," संचालिका म्हणाली.