निळ्या शाईतलं १९८६

“थांबा!” म्हणत जगन्नाथरावांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. खोलीभर घुमणारा यांत्रिक ठोका मधेच तुटला. “आता तुम्ही काय ऐकलंत, ते मी सांगतो.”

समिती सवयीने खुर्चीत मागे रेलली. जगन्नाथराव झाशीच्या मराठी मंडळाच्या संगीत समितीचे एकवीस वर्षं अध्यक्ष होते, आणि या एकवीस वर्षांत त्यांनी कुठलंही गाणं मधे न बोलता शेवटापर्यंत जाऊ दिलेलं नव्हतं.

“हे इलेक्ट्रॉनिक संगीत. भूमिगत,” ते म्हणाले.

“भूमिगत?” चिटणीस भानुमतीबाईंनी चष्मा वर सरकवला. “पोलीस मागावर आहेत की काय?”

“रेडिओवर नाही, दुकानात नाही, असं. एक माणूस एका खोलीत बसून यंत्रांशी झटतोय, कुणी ऐकणारं नाही. आणि कुठं? आपल्या झाशीत!” त्यांनी कॅसेट वर धरली. पिवळ्या पडलेल्या लेबलावर निळ्या शाईत ‘झाशी, १९८६’ एवढंच होतं. नाव नाही, सही नाही.

कॅसेट मिळाली होती सदर बाजारात. तिथल्या नीरजच्या दुकानात त्यांच्या भाचीने मंडळाचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिला होता. तो परत देताना नीरजने ही वर ठेवली. “पुराने माल में पड़ी थी, अंकल जी. आप जैसा कदरदान ही समझेगा.”

कदरदान म्हटलं की जगन्नाथराव काहीही घरी नेत. पण ही कॅसेट त्यांना खरोखरच भिडली. पंधरा दिवस त्यांनी ती दूधवाल्याला ऐकवली, पेन्शनच्या रांगेत ऐकवली, दाढी करणाऱ्याला वस्तरा हातात असताना ऐकवली. जुनी गाणी जमवणाऱ्या पुण्याच्या संग्राहक मंडळींच्या एका ग्रुपवर त्यांनी दोन मिनिटांचा तुकडा टाकला. एरवी झाशीच्या कशालाही नुसते हात जोडणाऱ्या या मंडळींनी तासाभरात विचारलं, “पूर्ण कधी ऐकवता?”

“गणेशोत्सवातल्या शनिवारी,” जगन्नाथरावांनी कळवून टाकलं होतं. आता फक्त समितीला कळवायचं राहिलं होतं.

कोपऱ्यात त्यांची भाची अनुया वायर गुंडाळत बसली होती. “मामा, शनिवारसाठी माझा अर्ज होता.”

“ऐकलं ना मी तुझं.”

“तीस सेकंद ऐकलंत.”

“पुरेत. लॅपटॉपवर बटणं दाबायची, दुपारभर स्टेशनवर माइक घेऊन हिंडायचं, ये कोई संगीत है? हे ऐक. मागे स्टेशनचा गलबला येतोय, कळतंय? ते जुने भोंगे! ती झाशी गेली, बाई. तुमच्या पिढीला हे सात जन्मांत जमायचं नाही.”

“बरोबर आहे,” अनुया म्हणाली. “जमलं असतं तर शनिवार नसता मिळाला?”

“रुसू नकोस. साउंड तू सांभाळ. पोरीचा हात चांगला आहे,” त्यांनी समितीला मोठ्या मनाने सांगितलं. समितीनेही मोठ्या मनाने मान्य केलं.

निमंत्रणं मंडळाच्या लेटरहेडवर गेली. त्यावर पत्ता ‘झाशी जंक्शनजवळ’ असा छापलेला होता. तीन-चार वर्षांपूर्वी स्टेशनचं नाव बदललं, नेमकी त्याच आठवड्यात आठशे लेटरहेडं छापून आली होती. रेल्वेत चौतीस वर्षं काढलेल्या जगन्नाथरावांनी ती फेकू दिली नाहीत. तेव्हापासून प्रत्येक कागदावर जुनं नाव खोडून वर ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असं ते स्वतः लिहीत. अक्षरं शेवटी नेहमी बारीक होत जात.

शनिवारी संध्याकाळी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर पुण्याचे संग्राहक सुभाषचंद्र ऑनलाइन बसले होते.

“मामा, एक विनंती,” मशीनपाशी बसलेली अनुया म्हणाली. “आज शेवटपर्यंत वाजू द्या. तुम्ही कधीच देत नाही.”

“शेवटी नुसती खरखर आहे गं.”

“मग खरखर वाजू दे.”

ठोका सुरू झाला. आधी निवृत्त गार्डांच्या माना डोलल्या, मग रेल्वे कॉलनीतल्या बायकांच्या चपला ताल धरू लागल्या. आठव्या मिनिटाला खुर्च्या मागे सरकल्या आणि मधल्या जागेत अख्खं मंडळ नाचू लागलं. भानुमतीबाईसुद्धा पर्स सांभाळून नाचल्या. पडद्यावरचे सुभाषचंद्र “वा!” म्हणाले. पुण्याहून झाशीला आलेला हा पहिला ‘वा’ होता.

जगन्नाथरावांचे डोळे भरून आले. संगीत विरलं तसा त्यांनी माइक ओढला. मशीन बंद करायला हात गेला, पण ते अनुयाजवळ होतं, लांब. टेप मागे खरखरत राहिली.

“मंडळी! या कलावंताला आपण चाळीस वर्षं ओळखलं नाही. आमच्यासारखे कुणी ढिम्म अध्यक्ष असतील तेव्हा, दुसरं काय! तो हयात असेल, समोर येईल, तर पुढच्या गणेशोत्सवाचे दहाही दिवस त्याचे. आणि ही अध्यक्षाची खुर्चीसुद्धा. सर्वांसमक्ष सांगतो.”

“लिहून घेतलं,” भानुमतीबाई धापा टाकत म्हणाल्या आणि तारीख घातली.

टाळ्या थांबेनात. अखेर थांबल्या तेव्हा टेपवरची खरखरही थांबली होती. स्पीकरमधून फलाटाचा गजबजाट आला, मग घोषणेची घंटी, आणि स्वच्छ आवाजात एक बाई म्हणाली, “वीरांगना लक्ष्मीबाई झाँसी रेलवे स्टेशन पर आपका स्वागत है.”

अर्धं सभागृह रेल्वेचं होतं. १९८६ साली फलाटावर हे नाव नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

टेपवर कुणीतरी माइक जवळ घेतल्याची खुडबुड झाली, आणि ओळखीचा आवाज आला, “हं मामा, आता बोला.”