शिशाचे तीन थर

सुरी पोटात शिरली आणि पिवळी गाभोळी रेफियाच्या तळहातावर भळकन सांडली. तिला शिसारी आली. एप्रिल महिना. रिबनिक नदीत मासे अंडी घालतात, तेव्हा काठावर कोणी गळ टाकत नाही. गळ टाकणाऱ्याला माणसात धरत नाहीत.

"मेल्या एसादचंच काम हे!" ती पुटपुटली.

सात मासे तिच्या दिराने, हमदोने आणले होते. हमदो वीस वर्षं नदीचा राखणदार. काल त्याने गिरणीवाल्या एसादला म्हणे चोरून मासे मारताना पकडलं; हे मासे त्याच्याकडून जप्त केलेले. एसादचा मासेमारीचा परवाना कायमचा गेला. सकाळी पावाच्या दुकानात तो "सलाम, ताई" म्हणाला, तेव्हा रेफियाने त्याच्या पायाशी थुंकून तोंड फिरवलं होतं.

तिने दुसरा मासा घेतला. तोंडाला ओरखडासुद्धा नव्हता. जखम पोटाला होती. तिसऱ्याची शेपटीजवळ, फाटलेली. हे मासे आमिषाला भुललेच नव्हते. दाटीने अंडी घालत असताना त्यांना गळाने भोसकून ओढलं होतं.

चौथ्या माशाला दोन जखमा होत्या. एकदा गळाचा तंगूस, म्हणजे दोरी, तोडून निसटलेला, पुन्हा ओढलेला. पंखाखाली मांसात काहीतरी रुतलं होतं. तिने चिमटीने उपसलं.

गळावर बांधलेला नकली झिंगा होता, मोठा आणि जड. सशाच्या केसांचा, नारिंगी दोऱ्याचा. टोकाला पाच वेढ्यांची गाठ, तिच्याच हातची.

मासे धरायला पंचवीस वर्षं ती नकली झिंगे बांधत आली होती. गळावर शिशाची तार, तारेवर केस, पाठीवर पारदर्शक पट्टी. झिंगा नखाएवढा हवा, तळाशी अलगद टेकायला हवा. पण फेब्रुवारीत हमदो म्हणाला होता, "वहिनी, या खेपेला मोठा गळ घे. शिशाचे तीन थर दे. गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना ते खोल पाण्यात सोडायचेत."

"अरे, हा झिंगा की धोंडा? याला कुठला मासा तोंड लावेल?"

"तू बांध गं!"

तिने दोन डझन बांधले. फक्त त्याच्यासाठी.

ती मोरीकडे धावली. हात राखेने घासघासून धुतले. तरी बोटांचा तो उग्र वास जाईना.

अंगणात हमदो कॉफी पीत बसला होता. तिने तळहात त्याच्यापुढे धरला. झिंग्याकडे पाहून त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसला.

"वहिनी, आता तळ ते मासे. सांगणार कोणाला? एसादकडे सापडला म्हणेन."

"एसादला मी कधी एक झिंगा दिला नाही."

"मग तर तूच अडकशील. गाठ तुझ्या हातची आहे. सगळा गाव ओळखतो."

रेफिया आत गेली. तिने सातही मासे पिशवीत भरले, डोक्याला रुमाल बांधला आणि ती फाटकाबाहेर पडली. "वहिनी! अगं, घरातली गोष्ट आहे!" हमदो मागून ओरडत राहिला.

मच्छीमार मंडळाच्या कचेरीत कारकुनाने नाक दाबत वही उघडली. "तक्रार कोणाविरुद्ध, ताई?"

तिने झिंगा टेबलावर ठेवला.

"दोन नावं आहेत," ती म्हणाली. "पहिलं माझं लिहा."